डोक्यास मार लागलेले मूल आणि शिक्षक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



शाळेच्या आवारात मूल पडले नाही, असा आठवडा क्वचितच जात असेल. गुडघा फुटला तर तो धुऊन पट्टी बांधली की आपले काम संपते. डोक्यास मार लागला असता मात्र काम तेथूनच सुरू होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलास रात्री माझ्याकडे आणण्यात आले. दुपारी तो चिंचेवरून पडला, क्षणभर त्याचे भान हरपले. पण लगेच उठून तो हसू लागला. गुरुजींनी त्यास विसाव्यासाठी घरी धाडले. सायंकाळी त्यास दोनदा ओकारी झाली. ‘दमला आहे, निजू द्या,’ असे घरची माणसे म्हणाली. मध्यरात्री तो हलवूनही जागा होईना. तो मुलगा वाचला नाही. यात कोणी निर्दय नव्हते. काय पाहावयाचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

असे का होते? कानाच्या वरच्या बाजूस कवटीचे हाड पातळ असते व त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकले तर ती फाटते आणि रक्त कवटी व मेंदूचे आवरण यांमध्ये साचू लागते. कवटी ताणली जात नाही. म्हणून सारा दाब मेंदूवर येतो. हा दाब वाढण्यास काही तास लागू शकतात. तोवर मूल नीट बोलते, चालते आणि आपण फसतो.

पडलेल्या मुलास घाईने उचलून बसवू नये. ते बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर डोके व मान आहे तशीच स्थिर धरावी. बेशुद्ध मुलास ओकारी होऊ लागल्यास डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. जखमेवर स्वच्छ फडके धरून रक्त थांबवावे. हाड खचल्यासारखे वाटल्यास तेथे दाबू नये. हळद, चुना, चहाची पूड भरू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. गुंगीतील मुलास पाणी पाजू नये.

शुद्ध हरपणे, पुनःपुन्हा ओकारी, वाढती डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे, वाढती गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायातील बळ जाणे, नाकाकानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी एकही खूण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाच फुटांहून अधिक उंचीवरून पडलेल्या किंवा वाहनाची धडक बसलेल्या मुलास, खूण नसली तरी, डॉक्टरांस दाखवावेच.

१९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी बेशुद्धी मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत तीनच गोष्टी पाहतात: डोळे कशाने उघडतात, बोलणे कसे आहे, हातपाय सांगितल्याप्रमाणे हलतात काय. आपण गुण मोजण्याचे कारण नाही. केव्हा व किती उंचीवरून पडले, शुद्ध किती वेळ गेली, ओकारी किती वेळा झाली आणि या तीन गोष्टी दर पंधरा मिनिटांनी कशा दिसल्या, हे वेळेसह एका चिठ्ठीवर लिहावे. प्रत्येक मुलास सीटी स्कॅन लागतोच असे नाही. तो निर्णय घेताना ही चिठ्ठी डॉक्टरांस फार उपयोगी पडते.

मूल बरे दिसले तरी त्यास एकटे घरी धाडू नये. पालकांस बोलावून खुणा समजावून सांगाव्यात. झोप ही स्वतः घातक नव्हे. परंतु पहिल्या रात्री डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुलास मधूनमधून जागे करून पाहावे. त्या दिवशी खेळ बंद. पुढे काही आठवडे असे मूल विसरते, चिडते, लवकर थकते. तो आळस समजून त्यास शिक्षा करू नये.

हजेरीपटाशेजारी एक कोरी वही ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. त्या मुलाच्या खिशात अशी एक चिठ्ठी असती, तर सायंकाळच्या ओकारीचा अर्थ त्याच्या आईस कळला असता.