न बदललेली अक्षरं
माणसाचा आणि उंदरांच्या दोन जातींचा डीएनए २००४ मध्ये शेजारीशेजारी मांडून पाहिला, तेव्हा २०० हून जास्त अक्षरांचे ४८१ तुकडे तिन्हींत तंतोतंत जुळले. माणूस आणि उंदीर यांच्या वाटा ७ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. एवढ्या काळात या तुकड्यांची नक्कल होताना चुका झाल्या नसतील असं नाही. त्या घेऊन जन्मलेले जीव मागे पडले असणार. यावर आक्षेप आला तो थेट प्रयोगशाळेतून. २००७ मध्ये असे चार तुकडे एकेक करून काढले, तरी उंदीर धडधाकट राहिले, त्यांना पिल्लंही झाली! मग जपणूक कशासाठी? माझ्या मते, पिंजऱ्यातलं आयतं खाणं ही काही खरी परीक्षा नव्हे. २०१८ मध्ये मेंदूच्या घडणीशी निगडित तुकडे काढून उंदरांचे मेंदू बारकाईनं तपासले, तेव्हा काहींत दोष सापडलेच. रानात तेवढी उणीवही पुरे.