मागे बसणाऱ्याचं हेल्मेट

रिसोड तालुक्यातल्या केनवडहून मोटारसायकलवर बाजाराला किंवा दवाखान्यात निघालेल्या दोघांपैकी मागे बसणाऱ्याविषयी आज बोलू या.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यातली सुमारे ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ जण नुसते मागे बसलेले होते! शहरातला प्रश्न म्हणून हे सोडू नका; अपघाती मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले आहेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट दोघांनाही बंधनकारक करतं, चार वर्षांवरच्या लेकरालाही. दंड हजार रुपये. पण दंडाचं सोडा, डोक्याचं बघा. हेल्मेटच्या आतलं थर्मोकोल स्वतः चेपून धक्का शोषतं, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं. घेताना आयएसआय खूण पाहा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधीच निसटतं.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचंच कलम १३४-अ संरक्षण देतं. पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.