गल्ल्यावर कोण बसणार?

(रौप्यमहोत्सवी समारंभात संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



‘कापूरहोळ : काल आणि आज’ या विषयावर दहा मिनिटं बोला, असा मला हुकूम आहे. आता कापूरहोळचा काल म्हटला की पहिलं नाव धाराऊंचं. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत साथ देईना. तेव्हा याच गावच्या, गाडे पाटील घराण्यातल्या धाराऊ राजांच्या दूधआई झाल्या. दुसऱ्याच्या लेकराला पोटाशी धरायचं, ही आपल्या गावची जुनी रीत आहे.

त्याच रीतीतली एक लहानशी गोष्ट आज सांगणार आहे. ती आमच्या घरची आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, फाट्यावर आमच्या आबांचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, पत्र्याची शेड, चार बाकडी आणि एक मोठी चूल. चहा, कांदाभजी, मिसळ-पाव, बस्स. पण जागा मोक्याची. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता, भोरचा फाटा आणि नारायणपूर-सासवडकडचा रस्ता, तिन्हीकडची माणसं तिथं उतरायची. रात्री आबा दारात कंदील टांगायचे. कंदील दिसला की ट्रकवाले गाडी बाजूला घ्यायचे. कंदील नसला तर समजायचं, आज बंद.

आबा गल्ला सोडून कुठं जायचे नाहीत. भाऊबंदांच्या लग्नाला गेलेच, तर आई गल्ल्यावर बसायची. उधारीची वही होती, पण मागायला कुणाच्या दारात गेलेले मी त्यांना पाहिलं नाही. शेवटचा गिऱ्हाईक उठला की मगच त्यांचं ताट वाढलं जायचं.

पुढं मी बँकेत लागलो, पुण्याला. तिथं लक्ष्मी रोडवरच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये जाणं व्हायचं. ही खाणावळ १९३५ साली नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केली. नानासाहेब म्हणजे मूकपटांच्या काळातले नावाजलेले दिग्दर्शक. सिनेमाचा माणूस खाणावळ काढतो म्हटल्यावर लोक काय म्हणाले असतील, विचार करा! १९४० मध्ये ते गेले. हॉटेल सुरू होऊन जेमतेम पाचेक वर्षं झालेली. तिथंच संपायचं ते. पण घरच्यांनी ते सोडलं नाही. पुढं चारुकाका सरपोतदारांनी ते नावारूपाला आणलं. नाटक-सिनेमातल्या कलावंतांना ते पुण्यातलं हक्काचं घर वाटायचं. त्यांच्यानंतर किशोर सरपोतदार. म्हणजे तिसरी पिढी. थालीपीठ तिथं मी अनेकदा खाल्लंय. पण खरं सांगतो, माझं लक्ष ताटापेक्षा गल्ल्याकडे जायचं. आपले आबा आठवायचे.

मुंबईत दादरला मामा काणे आहेत, १९१० पासूनचे. बॅलार्ड इस्टेटमधलं इराण्याचं ब्रिटानिया, १९२३ चं. तिथले कोहिनूर आजोबा नव्वदी उलटली तरी टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे.

आणि हे आपल्याकडेच आहे असं नाही. माझा भाचा जर्मनीत असतो. तो सांगत होता, तिकडं द्राक्षाचे मळेवाले आपल्या घरातच छोटं मद्यगृह चालवतात. वाइन स्वतःच्या मळ्यातलीच, बरोबर साधं खाणं. सरकारी नियम असा की वर्षातले चारच महिने उघडायचं आणि साधारण चाळीस माणसांचीच बैठक ठेवायची. आणि गंमत ऐका, उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर डहाळ्यांचा गुच्छ टांगतात, काही भागांत तर चक्क झाडू! मी त्याला म्हटलं, अरे, आमच्या आबांचा कंदील तो हाच की! पिढ्यान्‌पिढ्या घरातलं कुणीतरी रोज तो झाडू टांगतं, म्हणून ते घर चालतं.

आता आमच्या हॉटेलचं काय झालं ते सांगतो.

हायवे चौपदरी झाला, तेव्हा शेडची पुढची बाजू गेली. गावात सगळे म्हणतात, रस्त्यानं हॉटेल खाल्लं. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो. आज पंचवीस वर्षांच्या शेजाऱ्यांपुढे खोटं बोलवत नाही. मागची जागा शिल्लक होती. दहा-पंधरा फूट मागं सरलो असतो तर हॉटेल चालू राहिलं असतं. आबांनी आम्हा तिघा भावांना समोर बसवलं आणि एकच विचारलं, “गल्ल्यावर कोण बसणार?”

दादा म्हणाला, माझ्यामागं शेती आहे. धाकटा म्हणाला, माझी कंपनीची पाळी असते. मी काहीच बोललो नाही. बँकेतल्या साहेबानं भज्यांच्या दुकानात बसायचं, याची मला लाज वाटत होती. मोबदल्याचे तीन भाग मात्र आम्ही चोख केले. आबांनी त्या रात्री कंदील पुसला आणि माळ्यावर ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी हॉटेलचा विषय काढला नाही. रस्त्यानं शेड नेली, हॉटेल आम्ही बंद केलं.

हे सगळं आज इथं कशाला? तर गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं, “आता मला मोकळं करा, पुढं कोण घेणार?” आणि सभागृहात जी शांतता पसरली, ती मी ओळखली. ती आमच्या घरातलीच शांतता होती.

मंडळी, टँकरसाठी रात्री दोन वाजता कोण जागलं, बोअर आटली तेव्हा पदरचे पैसे कुणी घातले, मेंटेनन्स थकवणाऱ्यांची बोलणी कुणी खाल्ली, हे आपल्याला ठाऊक आहे. इमारतीला प्लास्टर पुन्हा करता येतं. पण वही लिहायला, पंप सुरू करायला रोज कुणीतरी लागतं. नसलं की जिना तसाच असतो, नळ तसाच असतो, फक्त घर बंद पडायला लागतं.

तेव्हा आज जाहीर करतो. माझं वय झालंय, गुडघे दुखतात, तरी कमिटीसाठी मी नाव दिलंय. एकदा गप्प बसलो, पुन्हा नाही. फक्त एक अट आहे. माझ्या शेजारी तिशीतलं कुणीतरी बसलं पाहिजे, मुलगा असो की सून असो. हिशेब मी शिकवीन, मोबाईलवरचं तुम्ही मला शिकवा.

आबांचा कंदील मी माळ्यावरून काढलाय. काच नवी बसवलीय. आज कार्यक्रम संपला की तो सोसायटीच्या ऑफिसच्या दारात टांगणार आहे. तो रोज कोण लावणार, ते आता तुम्ही ठरवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.