स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाराज, देशोदेशींचे संशोधक आणि मित्रहो,

धारवाडच्या मळमड्डीत आपले मनःपूर्वक स्वागत!

बाहेरून आलेल्या विद्येला घर द्यावे, ही धारवाडची जुनी रीत. मुंबईत 1949 साली स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ पुढच्याच वर्षी इथे आले. 2016 पासून आयआयटीही आहे. घरी मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले ते इथेच. आमचे मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत, ते इथल्याच जेएसएस कॉलेजात.

पण आज विशेष स्मरण करतो ते भास्करबुवा बखल्यांचे. त्यांचा जन्म 1869चा, गुजरातेतल्या कठोर गावचा. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा थोरांची तालीम घेतलेला हा गवई इथल्या ट्रेनिंग कॉलेजात भावी मास्तरांना गाणे शिकवत असे. पुढे पुण्यात त्यांनी भारत गायन समाज उभा केला, बालगंधर्वांना घडवले. पुणे त्यांना विसरले नाही. धारवाडनेही विसरू नये.

आता आपल्या परिषदेच्या विषयाकडे, कोंडीत सापडलेल्या चुंबकांकडे, वळतो. त्यात माझी गती बेताची. तज्ज्ञांनी समजावले ते असे: त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरच्या चुंबकांपैकी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे असते, दोघांचे जमते, तिसऱ्याची कोंडी होते. त्यात निकेलच्या इलेक्ट्रॉनपुढे सारख्याच ऊर्जेची दोन कक्षके; त्यांतले एक निवडायचे. सोडियम निकेल ऑक्साइडचे थराथरांचे स्फटिक सुमारे 480 केल्विनखाली आकार बदलून ही निवड उरकतात, आणि 20 केल्विनच्या आसपास त्यांचे चुंबकत्व शिस्तीत येते. सोडियमच्या जागी लिथियम आला, की थर तसेच, पण अशी शिस्त नाही! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या श्रीराम शास्त्रींनी सदरलँड यांच्यासह 1981 साली अशाच कोंडीच्या एका जाळीचे अचूक उत्तर मांडले, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. काही पाहुण्यांना एका खोलीत तिघांनी राहावे लागत आहे. सकाळी गरम पाणी उशिरा आले. वरच्या मजल्यावर चढताना ज्येष्ठांना त्रास झाला. या सर्वांबद्दल हात जोडून क्षमा मागतो.

सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, भाकरी आणि भरल्या वांग्यांचा भार उचलणारे व्यापारी, पेढे पाठवणारे हलवाई, स्टेशनवर पहाटेपासून उभे असलेले विद्यार्थी, पाहुण्यांसाठी घरे उघडणाऱ्या मळमड्डीच्या गृहिणी, या सर्वांचे ऋण मोठे आहे.

पाहुण्यांना एकच विनंती. परत जाण्यापूर्वी इथल्या एखाद्या शाळेत तासभर जा आणि आपला विषय मुलांना सांगा. आमच्या पाहुणचाराची परतफेड तेवढ्याने होईल.