बडोदे कॉलेज आणि आपला मुलूख
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



विषयाची निवड आपण माझ्यावर सोपविलीत. मी बडोदे कॉलेजचा विषय घेतला, तो केवळ स्मरणरंजनासाठी नव्हे. सरकारी तिजोरीतून चालणारे कॉलेज कोणासाठी असते, या प्रश्नाचा विचार या कॉलेजच्या निमित्ताने नीट करता येतो. आणि तो प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे.

कॉलेजची स्थापना 1881 ची. त्या काळचा गायकवाडी मुलूख सलग नव्हता. दक्षिणेस नवसारी, उत्तरेस कडी, काठेवाडात अमरेली आणि समुद्रकाठी ओखामंडळ असा तो विखुरलेला होता. पदवीचे शिक्षण घ्यायचे तर मुलाला परमुलखात धाडावे लागे, आणि ती ऐपत थोड्यांचीच होती. संस्थानाने राजधानीत कॉलेज काढले, त्याचा खरा अर्थ हा अंतर कमी करण्याचा होता. चिझमसाहेबाने बांधलेला भव्य घुमट प्रवासी डोळे भरून पाहतात. परंतु घुमटाची उंची हे कॉलेजचे माप नव्हे.

कॉलेजचा गौरव करताना आपण नामावळी वाचतो. 1893 मध्ये अरविंद घोष संस्थानच्या नोकरीत आले. पुढे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवीत ते उपप्राचार्यपदापर्यंत पोहोचले आणि 1906 मध्ये येथून गेले. कन्हैयालाल मुनशी त्यांचे विद्यार्थी. ही नावे अभिमानास्पद आहेतच. परंतु अमुक थोर पुरुष येथे होऊन गेला एवढ्याने संस्थेचे कर्तव्य सिद्ध होत नाही. कडी प्रांतातल्या शेतकऱ्याच्या किंवा वाडीतल्या कारकुनाच्या मुलाला येथे प्रवेश मिळाला का, शिकविलेले उमगले का, आणि शिकून तो मुलखाच्या कामी आला का, हे तीन प्रश्न अधिक मोलाचे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांना हे पुरते उमगले होते. कॉलेज हा शिक्षणाचा कळस. पाया नसेल तर कळस कशावर चढवायचा? म्हणून 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणवून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखली गेली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. शाळा, ग्रंथालय आणि कॉलेज या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, हे त्या योजनेचे मर्म होते.

दुसरी पायरी हाताच्या कामाची. कॉलेजात रसायन शिकविणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये कलाभवन सुरू झाले. रंगाई, यंत्रकाम, चित्रकला अशा विद्या तेथे शिकविल्या जात. कारागिराचे ज्ञान त्याच्या स्वभाषेतूनच वाढेल, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. इंग्रजी न येणाऱ्या बुद्धिमान मुलाला राज्याच्या शिक्षणसंस्थेत जागा असली पाहिजे, हा तो विचार.

मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. कॉलेज बडोद्याचे असले तरी ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. अभ्यासक्रम मुंबईचा आणि परीक्षाही मुंबईची. 1916 मध्ये विनायक नरहर भावे नावाचा बडोदे कॉलेजचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि वाटेत सुरतेस उतरून काशीला निघून गेला. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. विनोबांची ओढ निराळी होती, हे खरे. पण मुलखातले कॉलेज ज्या परीक्षेसाठी शिकवीत होते, तिची सूत्रे परगावी होती, हेही त्या प्रवासातून दिसते.

दुसरी उणीव अधिक बोचरी आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते उतरले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. राज्याने विद्येचे दार उघडले होते. समाजाने घराचे दार लावून घेतले. सरकारी कॉलेज मुलखाची सेवा करू म्हणेल, पण मुलूखच आपली माणसे ओळखत नसेल तर ती सेवा अर्ध्यावर राहते. बडोद्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग विसरता कामा नये.

स्वतःचे विद्यापीठ असावे, ही महाराजांची इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. 1939 मध्ये ते निवर्तले. दहा वर्षांनी, 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि आदल्याच दिवशी, 30 एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. मावळत्या राज्याने आपल्या मुलखाला दिलेला तो अखेरचा ठेवा होय. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. ललितकला विभागात नारायण श्रीधर बेंद्रे आले. ते इंदूरचे, तिथल्या संस्थानी चित्रशाळेत घडलेले. एका संस्थानाची पुण्याई दुसऱ्याच्या कामी आली ती अशी.

आता आजचे पाहू. 2023 च्या कायद्याने राज्यातील सरकारी विद्यापीठे एका छत्राखाली आली आणि विद्यापीठाचा 1949 चा स्वतंत्र कायदा संपुष्टात आला. निवडून आलेल्या सिनेटची व्यवस्थाही गेली. 2024 पासून प्रवेश राज्यव्यापी पोर्टलवरून होऊ लागले. त्याच वर्षी वाणिज्य शाखेत स्थानिक विद्यार्थ्यांना जागा मिळेना, म्हणून शहरात आंदोलन झाले. एकसूत्री कारभाराचे लाभ असतील; गुणवत्तेची कसोटीही हवीच, आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागतही हवे. परंतु जवळचे कॉलेज ज्याच्यासाठी निघाले, त्या मुलालाच ते दूरचे झाले, तर 1881 पूर्वीचे अंतर पुन्हा निर्माण होते. घरची बेताची परिस्थिती असलेली मुलगी परगावी जात नाही. ती शिक्षणच सोडते.

या प्रश्नात ग्रंथालयाने काय करावे? आंदोलन हे आपले काम नव्हे. आपले काम पायऱ्या शाबूत राखण्याचे. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. मराठी वा गुजराती शाळेतून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षीच गोंधळतो. त्याच्यासाठी तिन्ही भाषांतली क्रमिक पुस्तके आपल्या कपाटांत असावीत. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा असावा. अनामत रक्कम भरू न शकणाऱ्याची अनामत सभासदांनी वाटून घ्यावी. आणि त्या कक्षात बसणाऱ्याला त्याचे आडनाव कोणी विचारू नये.

शंभर वर्षे सांभाळलेल्या ग्रंथसंपदेचा याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.