आपले अंगण, शेजारचे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच कुणीतरी चार शब्द बोलावेत, हा आपल्या मंडळाचा रिवाज. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले आणि विषय दिला, 'शहरातील जीवन व त्यातील प्रश्न'. विषय ऐकूनच छाती दडपली. पाणी, कचरा, घरे, लोकलची गर्दी, डास, ताप, महागाई! कोणता प्रश्न घ्यावा आणि कोणता सोडावा? परंतु विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले की, वाण्याच्या यादीसारखे हे प्रश्न एकाखाली एक मांडलेले नाहीतच. विणकामाच्या लोकरीचा गुंता व्हावा तसे ते एकमेकांत अडकलेले आहेत. इकडचा धागा ओढावा तर तिकडे गाठ घट्ट होते. म्हणून आज मी प्रश्न मोजीत बसणार नाही. ही गाठ कशी बसते ते आपल्या मुंबईच्याच तीन-चार गोष्टींवरून सांगते आणि मग आपल्या आवाराकडे वळते.

पहिली गोष्ट नळाची. विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले. त्याआधी विहिरी आणि तळी हाच आधार, आणि उन्हाळ्यात त्यांनी तळ गाठलेला. नळ आला, बायकांच्या डोक्यावरचा हंडा थोडा हलका झाला. परंतु आलेले पाणी वापरून झाल्यावर जावयाचे कुठे, हा विचार मागे पडला. गटारे अपुरी होती. पाणी वस्तीतच मुरू लागले. १८९६ साली प्लेग आला तेव्हा या ओलीकडे, अंधाराकडे आणि दाटीकडे सगळ्यांचे बोट गेले. मग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे मोकळी वस्ती आखली. ते चांगलेच झाले. पण रस्त्यासाठी ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, त्यांना नव्या घरांचे भाडे कसे परवडावे? त्यातले पुष्कळजण लगतच्याच चाळींत शिरले आणि तिथली दाटी आणखी वाढली.

दुसरी गोष्ट विहिरींची. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिवतापाचा कहर होता. हा डास उघड्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो असे दिसून आल्यावर वाड्यांतल्या विहिरी बुजविण्याची आणि झाकण्याची मोहीम निघाली. उपाय बरोबरच होता. पण त्याने शहराची मदार दूरच्या तलावांवर आणखी वाढली. आज सात तलावांतून आपल्याला पाणी येते आणि त्यातले काही शंभर किलोमीटरहूनही लांबून येते. इतक्या लांबचे पाणी दिवसभर नळाला राहत नाही. ते ठराविक वेळीच येते, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. पिंपावर झाकण नीट नसले की साठवलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार! एका डासासाठी विहीर झाकली आणि दुसऱ्याला पिंपात जागा मिळाली.

तिसरी गोष्ट भाड्याची. १९४७ सालच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या कायद्याने हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली, हे विसरून चालणार नाही. परंतु वर्षानुवर्षे भाडे तेच राहिल्यावर मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. जिने खचले, सज्जे पडू लागले. शेवटी १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमून उपकर बसवावा लागला. अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांवर होत्या.

भगिनींनो, या गोष्टींत कुणी दुष्ट नाही. नळ आणणारा, विहीर झाकणारा, भाडेकरूचे रक्षण करणारा, प्रत्येकाने डोळ्यांपुढचे दुःख दूर केले. फक्त 'आणि मग पुढे काय?' हा प्रश्न कुणी पुरता विचारला नाही. आपण सुना-मुलींना स्वयंपाक शिकविताना हाच प्रश्न शिकवितो. कुकर लावलास, पण शिटी होईपर्यंत फोडणीची तयारी आहे का?

आता सर्वांच्या आठवणीतला दिवस सांगते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. पाऊस अफाट होता हे खरेच. परंतु नुसत्या पावसाने तो अनर्थ झाला नाही. मिठी नदीचे पात्र भराव घालून आणि बांधकामे करून अरुंद झालेले. काठच्या खाजणांवर इमारती आणि वस्त्या उठलेल्या. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. आणि त्यांच्या तोंडाशी आपल्याच घरातून गेलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्यात समुद्राला भरती. शहरात शेकडो माणसे गेली, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या तापाने आणखी काही. नदी, भराव, गटार, पिशवी, भरती आणि ताप, हे सगळे धागे त्या एका दिवशी एकदम ओढले गेले.

आता आपल्या आवाराकडे येते. आपल्याला ठाऊकच आहे की, गेल्या पावसाळ्यात दोनदा तळमजल्यावर पाणी शिरले. गाद्या भिजल्या, धान्याचे डबे तरंगले. आपल्या एक वृद्ध सभासद रात्रभर पलंगावर पाय वर घेऊन बसून होत्या. यावर उपाय म्हणून सोसायटीच्या येत्या सभेपुढे ठराव आहे. सारे आवार दीड फूट भरणी करून उंच करावे आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवावेत. ठराव आणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तळमजल्याचे हाल खोटे नाहीत. पण तोच प्रश्न येथे विचारायला हवा. आणि मग पुढे काय?

हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपली गच्ची आणि आवार मिळून सुमारे ८०० चौरस मीटर. शंभर मिलिमीटरचा दिवस मुंबईला नवा नाही. त्या दिवशी आपल्या एवढ्याशा जागेत ८० हजार लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर! आज त्यातले थोडे झाडांच्या बुंध्याशी मुरते, थोडे मागच्या मातीत थांबते. उद्या भरणी आणि फरशी झाल्यावर ते न थांबता उताराने धावेल. उतार कुठे आहे? मागच्या चाळीकडे.

त्या चाळीत कोण राहते? आपल्या मंडळाच्या सभासद राहतात. त्या आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बायका तिथेच राहतात. त्यांच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले की दुसऱ्या दिवशी त्या कामाला येणार नाहीत, मग आपली नोकरीवाली सून वेळेवर निघणार नाही, ही अडचण तर आहेच. पण ती मी मुद्दामच शेवटी सांगते. आधी हे सांगते की, आपल्या उंबऱ्यातले पाणी दुसरीच्या चुलीत लोटणे याला उपाय म्हणत नाहीत. आणि दोन वर्षांनी चाळीनेही भरणी केली तर? ते पाणी परत आपल्याच दारी येईल. या शहरात कितीतरी गल्ल्यांमध्ये हे असेच चालले आहे. रस्ता उंच होतो, मग सोसायटी उंच होते, आणि सर्वांत गरीब तो खड्ड्यात राहतो.

कुणी म्हणेल, "मग तळमजल्याने बुडत राहावे का?" मुळीच नाही. माझ्या सूचना लहान आहेत, पण एकीला दुसरी धरून आहेत. तळमजल्याचे उंबरे उंच करून घ्यावेत आणि मोरीतून उलटे चढणारे पाणी अडविणारी झडप बसवावी; त्याने तिथल्या कुटुंबांना पहिल्याच पावसाळ्यात आधार मिळेल. फरशी हवी तर येण्याजाण्याच्या वाटेवर घालावी. झाडांभोवती आणि भिंतीकडेने माती मोकळी ठेवावी. मुसळधार पावसात मातीसुद्धा भिजून तृप्त होते, सगळे पाणी काही पीत नाही, हे मला मान्य आहे. पण गटाराला सवड मिळते. गच्चीचे पाणी नळीवाटे टाकीत घ्यावे. मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना मुंबईत २००२ पासून हे सक्तीचे आहे. आपली इमारत जुनी असली तरी आपल्याला कुणी अडविलेले नाही. त्या पाण्याने जिने धुता येतील, बाग जगेल. मात्र टाकीला घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच, नाही तर विहिरीची गोष्ट पुन्हा घडेल. आणि आपल्या व चाळीच्या मधले सामाईक गटार मे महिन्यात दोघांनी मिळून साफ करून घ्यावे.

आता कचऱ्याबद्दल दोनच शब्द. गटार साफ केले आणि पिशव्या त्यात जातच राहिल्या तर सारे व्यर्थ. २००५ च्या पुरानंतर पातळ पिशव्यांवर बंदी आली, २०१८ साली ती आणखी व्यापक झाली. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचेच वाण लुटतो! देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली आणि कित्येक दिवस धूर शहरभर पसरला. त्याच वर्षी, कचऱ्याची नीट सोय नाही म्हणून, उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. म्हणजे आपल्या डब्यातल्या भाजीच्या देठांचा संबंध कुणाच्या तरी नव्या घराशी पोचला. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० नंतरच्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करून दाखविला. त्यातूनच महापालिकेची परिसर व्यवस्थापनाची योजना उभी राहिली. एका गल्लीला जे जमले ते आपल्याला का जमू नये?

"हे सगळे महापालिकेचे काम," असेही कुणी म्हणेल. आहेच. मोठे नाले, पंप, नदी हे आपल्या बादलीचे काम नव्हे, आणि त्याचा जाब आपण विचारलाच पाहिजे. गोरेगावच्या मृणालताई गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत, ते त्यांनी नळासाठी केलेल्या लढ्यांमुळे. १९७२ नंतरच्या महागाईच्या दिवसांत त्या आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पण जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे अंगण तरी शेजाऱ्याच्या दारात पाणी लोटणारे नसावे.

शेवटी कामाचे बोलते. आपल्यापैकी बहुतेकींची घरे यजमानांच्या नावावर आहेत, म्हणून सोसायटीच्या सभेत मत त्यांचे. पाणी उपसायची बादली मात्र आपल्या हाती! तेव्हा सभेच्या आधी प्रत्येकीने घरी हा विषय काढावा. मंडळाने चाळीच्या व सोसायटीच्या बायकांची एक एकत्र बैठक बोलवावी, दोन्ही मार्गांची अंदाजपत्रके मागवावीत, आणि तोपर्यंत ठराव पुढे ढकलण्याची लेखी विनंती सर्वांच्या सह्यांनी द्यावी. पहिली सही तळमजल्याच्या भगिनींची आणि तिच्या शेजारी चाळीतल्या भगिनीची असावी, एवढीच माझी इच्छा.

गुंता एकदम सुटत नाही. पण ज्यांच्या हातात त्याची दोन टोके आहेत त्या दोघी समोरासमोर बसल्या, तर तो आणखी आवळला तरी जाणार नाही. आज या सभागृहात त्या दोघीही बसल्या आहेत.