गाभण कुत्रीची निगा आणि पिसवांचा बंदोबस्त



उचगावच्या शिवारात शेताची व घराची राखण करणारी कुत्री हा कुटुंबाचाच घटक होय. तिचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा असतो. या काळात पिसवा झाल्यास पिकांवरील औषध, रॉकेल किंवा निपाणी भागात सहज मिळणाऱ्या तंबाखूचे पाणी तिच्या अंगास मुळीच चोळू नये. कुत्री अंग चाटते. त्यामुळे विष पोटात जाऊन तिला व गर्भाला अपाय संभवतो.

पिसू अंगावर दिसते; परंतु तिची अंडी खाली गळतात आणि अळ्या व कोष जमिनीच्या भेगांत, अंथरलेल्या पोत्यात वाढतात. खरा उपाय तेथेच करावयास हवा. पोते उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, भेगा लिंपाव्यात, जागा रोज झाडावी. अंगावर बारीक दातांची फणी फिरवून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. कोषांतून पिसवा पुढेही निघत राहतात. म्हणून हा क्रम काही आठवडे सोडू नये.

औषध आवश्यकच वाटल्यास कुत्री गाभण असल्याचे सांगून पशुवैद्यकांकडूनच घ्यावे. गर्भावस्थेत चालणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

ही सर्व स्वच्छता कुत्री विण्यापूर्वीच व्हावी. नवजात पिलांच्या अंगात रक्त थोडे असते. पिसवा फार झाल्यास रक्तक्षयाने ती दगावू शकतात.